सिक्युरिटीच्या आधी जेवायचं कुठे? (मुंबई टी-टू, सोबत अख्खं खटलं)

मृदुला_कोथरूड

लोकहो, अगदी व्यवहारी प्रश्न आहे. लेक मास्टर्सला म्युनिकला निघाली आहे. विमान मुंबईहून, मध्यरात्रीनंतरचं. पुण्याहून दोन गाड्या करून जाणार, कारण आजी, मामा-मामी, आत्या, आतेभाऊ सगळ्यांनाच सोडायला यायचंय आणि कुणाला "तुम्ही नका येऊ" म्हणायची माझी काय प्राज्ञा!

घरात दोन पक्ष पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, संध्याकाळी घरीच वरणभात खाऊन निघू, तिथे नुसतं टाटा करायचं. भावाचं म्हणणं, पोरगी एवढ्या लांब चाललीय, सगळे एकत्र बसून नीट जेवू, विमानतळावर ढीगभर रेस्टॉरंटं असतात. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांना साडेआठच्या पुढे ताटकळत ठेवून चालत नाही.

तर, टी-टूवर (टर्मिनल दोन) तिकीट नसलेल्यांना बसून जेवता येतं का? लेकीने आमच्याबरोबर खावं की आत गेल्यावर? आणि एवढ्या बॅगा घेऊन हॉटेलात बसायचं कसं? जुने धागे चाळले, सगळे लाउंजच्या कार्डांबद्दल आहेत.

खादाड_नाना

खालापूरचा फूड मॉल. विषय संपला. बटाटेवडा, चहा, सगळ्यांचे पाय मोकळे, आजींची सोय. गाड्या दारात उभ्या, बॅगा डिकीत. विमानतळावर पैसे कशाला घालवता?

शेवचिवडा

नाना, खालापूरला संध्याकाळी साडेसहाला पोचणार आणि मुलगी विमानात बसणार मध्यरात्री. मधले सहा तास वड्यावर? शिवाय शुक्रवारी-रविवारी तिथे टेबल मिळवायला उभं राहावं लागतं, जेवणाऱ्याच्या मागे उभं राहून त्याचा शेवटचा घास मोजायचा. मृदुलाताईंच्या भावाला जे हवंय ते हे नव्हे.

रॅम्पवरचा_राजा

ग्राउंड हँडलिंगमध्ये काम करतो (कंपनीचं नाव नको). जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आम्हाला गेटवर रोज ऐकू येतो.

बाहेरच्या बऱ्याच देशांत टर्मिनलमध्ये कुणीही शिरू शकतं, अडवतात ते थेट सिक्युरिटीपाशी. आपल्याकडे अडवतात ते इमारतीच्या दारातच. सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो, मगच आत. त्यामुळे चेक-इनच्या हॉलमधली जी रेस्टॉरंटं तुमच्या भावाच्या डोळ्यांसमोर आहेत, ती सिक्युरिटीच्या आधीची असली तरी तुमच्या कामाची नाहीत. तिथे लेक एकटीच बसू शकेल.

दुसरं, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. "मी बॅगा टाकून बाहेर येते, मग निवांत जेवू" हे आपल्याकडे जमत नाही. एकदा आत गेलेल्या प्रवाशाला बाहेर यायचं तर एअरलाइनचा माणूस बरोबर लागतो, नोंद होते, कारण विचारतात. बॅगा पट्ट्यावरून गेल्यावर तर कुणी त्या भानगडीत पडतच नाही. म्हणजे सगळ्यांनी मिळून जेवायचं असेल तर तिने आत पाऊल टाकण्याआधी, म्हणजेच सगळ्या बॅगांसकट. तुमचा तिसरा प्रश्न म्हणून अवघड झालाय.

माझा सल्ला: टी-टूच्या परिसरात जेवायचं ठरवूच नका. अरायव्हलच्या बाहेर खाण्यापिण्याची दुकानं आहेत, पण तिथे चहा-सँडविच घेऊन उभं राहणारे असतात, आठ-नऊ जणांची पंगत बसत नाही. डिपार्चरच्या वरच्या मजल्यावर गाडी थांबवून ठेवू देत नाहीत. त्यापेक्षा आधीच कुठेतरी जेवा, पार्ले पूर्व किंवा अंधेरी पूर्व, जिथे गाडी समोर दिसेल. एक लक्षात ठेवा, हायवेवरून सहार एलिव्हेटेड रस्त्यावर चढलात की तो थेट टी-टूच्या दारात आणून सोडतो, मध्ये थांबायला काही नाही. जेवण त्या रस्त्यावर चढायच्या आधी उरकायचं.

काउंटर साधारण तीन-चार तास आधी उघडतात आणि आंतरराष्ट्रीय विमानाला निदान तासभर आधी बंद होतात. ऑगस्ट-सप्टेंबरात विद्यार्थ्यांची झुंबड असते. लेक साडेतीन तास आधी दारातून आत जाईल असा हिशोब धरा आणि जेवणाची वेळ त्याच्या मागे मोजा.

आणि जेवून झाल्यावर लगेच पुण्याला निघू नका. तिचा "बॅगा गेल्या" असा फोन येईपर्यंत थांबा. काउंटरसमोर जमिनीवर बॅग उघडून बसलेली पोरं आम्ही रोज बघतो: कुकरचं भांडं एका बॅगेत, झाकण दुसरीत, मध्ये स्वेटर, आणि कानाला लावलेल्या फोनवर आई विचारतेय, "मेतकूट काढलंस का गं?" वजन घरीच करून आणा. काटा काउंटरवर पहिल्यांदा दिसला की जेवलेलं सगळं घशाशी येतं.

मृदुला_कोथरूड

राजा, फार फार आभार. दारातच अडवतात हे माहीत होतं, पण बाहेर येता येत नाही हे डोक्यातच आलं नव्हतं. भावाला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो आता सहार रस्त्यावरच्या पंचतारांकित हॉटेलाचं कॉफी शॉप म्हणतोय! :)

बिल_बघा_आधी

भावाला म्हणावं, बिल पण तूच भर.

विमानतळावरच्या भावांबद्दल बोलायचं तर मार्च २०१८ मध्ये खुद्द माजी अर्थमंत्री चिदंबरम यांनी चेन्नई विमानतळावर चहाची पिशवी आणि गरम पाणी १३५ रुपयांना सांगितलं म्हणून जाहीर हाय खाल्ली होती. न पिताच परतले. अर्थमंत्रिपद भूषवलेल्या माणसाला परवडत नाही तिथे आपण कोण?

काही गोष्टी मात्र माहीत असाव्यात. एकाच पाकीटबंद वस्तूवर जागा बघून दोन वेगळ्या एमआरपी छापायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. दुकानातून बाटली घेतली तर छापील किंमतच द्यायची. पण रेस्टॉरंटात टेबलावर बसून तीच बाटली मागवलीत तर ते जास्त लावू शकतात, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसं म्हटलंय. तेव्हा पाणी दुकानातून घ्या, जेवण टेबलावर. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. काढा म्हटलं की काढतात. तोंड मात्र उघडावं लागतं.

हिशोबनीस

@बिल_बघा_आधी, भाव जास्त आहेत हे मान्य, पण नुसती लूट म्हणून सोडून देऊ नका. विमानतळावरचं दुकान भाडं कसं भरतं? साधारण पद्धत अशी की विक्रीतला ठरलेला हिस्सा किंवा ठरलेली किमान रक्कम, यातलं जे जास्त असेल ते विमानतळ चालवणाऱ्याला द्यायचं. पहाटे तीनला गिऱ्हाईक असो-नसो, दुकान उघडं. प्रत्येक कामगाराला पोलीस पडताळणी करून पास. सिक्युरिटीच्या पलीकडे तर कांद्याची पोतीसुद्धा तपासून आत जातात आणि सुऱ्या मोजून, नोंदवून ठेवाव्या लागतात. हे सगळं तुमच्या इडलीच्या किमतीत येतं.

म्हणूनच दर खाली आणायचे तर ते विमानतळालाच ठरवावं लागतं, दुकानदाराच्या चांगुलपणावर होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर उडान यात्री कॅफे निघालं, तिथे चहा १० रुपये, पाणी १० रुपये, समोसा २०. ते होऊ शकलं कारण विमानतळ प्राधिकरणाने ठरवलं.

खादाड_नाना

वीस रुपयांच्या समोशासाठी कोलकात्याला जावं म्हणतो.

इसारकाठची

मृदुलाताई, मी म्युनिकमध्येच असते, म्हणून राहवलं नाही. लेकीचं अभिनंदन!

आधी महत्त्वाचं. पेढे, बर्फी, तूप, श्रीखंडाच्या वड्या, चितळ्यांचं जे जे काही दुधाचं आहे ते बॅगेत घालू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कस्टम्सवाल्यांनी बॅग उघडली तर सरळ कचऱ्यात. सोडायला आलेली आत्या शेवटच्या क्षणी पाव किलो पेढ्यांचा पुडा हातात कोंबणार, हे मी लिहून देते. तो पुडा तिथेच, गाडीपाशी, सगळ्यांनी मिळून संपवा. चिवडा, चकली, मसाले, लाडू (तुपाशिवायचे!) चालतात. बेसनाच्या लाडवांवर माझ्या मैत्रिणींचे दोन तट आहेत, मी त्यात पडत नाही.

आता जेवण. राजा म्हणतात तो फरक इथे अगदी उलट्या बाजूने दिसतो. म्युनिकला दोन टर्मिनलांच्या मधोमध एक मोठा उघडा चौक आहे आणि तिथे १९९९ पासून विमानतळाची स्वतःची बिअर-भट्टी आहे, एअरब्रॉय. बाहेर झाडाखाली लाकडी बाकं. कुणीही या, तिकीट लागत नाही. आई-बाबा भारतात परत निघाले की आम्ही आधी बॅगा देऊन येतो, मग हात हलवत तिथे जाऊन बसतो. बाबा बिअर घेत नाहीत, पण "विमानतळावर दारू गाळतात" ही गोष्ट त्यांनी सोसायटीत सगळ्यांना सांगून झालीय. बोर्डिंग पास खिशात असला की घास नीट गिळला जातो. हेच आपल्याकडे नाहीये.

तुम्ही कधी लेकीला भेटायला आलात तर परतीच्या दिवशी तिथे नक्की बसा.

हनेदाकर_तात्या

इसारताईंना अनुमोदन. आमच्या तोक्योला हनेदाच्या तिसऱ्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय, चौथ्या मजल्यावर एदो कोजी म्हणून जुन्या काळातली गल्लीच उभी केलीय. लाकडी दर्शनी भाग, कंदील, नूडल्सपासून सगळं. ती पूर्ण सिक्युरिटीच्या आधी. वर पाचव्या मजल्यावर विमानं बघायची गच्ची. इथली माणसं विमान नसतानाही जेवायला येतात.

त्यामुळे इथला नियम मुंबईच्या बरोब्बर उलटा: पोटभर बाहेर खायचं, आत फक्त पाणी भरून घ्यायचं. सिंगापूरचं ज्युएल (२०१९ साली उघडलेलं, ४० मीटरचा धबधबा असलेलं) तेही बाहेरच्याच बाजूला. तिथे दुकानदाराला नुसते प्रवासी नाही, अख्खं शहर गिऱ्हाईक म्हणून मिळतं. गिऱ्हाईक पुन्हा येणार असेल तर स्वयंपाकी मीठ नीट घालतो. आत कोंडलेल्या, विमान सुटायच्या घाईतल्या माणसाला काय, काहीही चालतं.

करवीरचा_बंडू

रामराम मंडळी. तुमचं हे सगळं वाचून हसू आलं. आमचे चुलते पहिल्यांदा गल्फला गेले तेव्हा गावातनं टेम्पो भरून माणसं सहारला आली होती. विमानतळाच्या बाहेर चादर अंथरली, भाकरी, झुणका, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. जेवून झाल्यावर हार, नारळ, कुंकू. चुलते हारासकट आत गेले. रेस्टॉरंट कशाला पायजे? नऊ माणसांचा डबा करा, गाडीच्या डिकीवर मांडा.

शेवचिवडा

बंडूभाऊ, आता चादर अंथरली तर पोलीस दंडुका आपटत येतील. पण डब्याची कल्पना अजिबात वाईट नाही. आजींची वेळही पाळली जाते.

सांताक्लारा_मावशी

मुलीच्या प्रवासाचं उत्तर मिळालंय, मी दुसऱ्या टोकाचं लिहिते. आई-बाबांना सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला परत पाठवणं.

इथे २००१ च्या सप्टेंबरपर्यंत बिनतिकिटाचं अगदी विमानाच्या गेटपर्यंत जाता यायचं. नंतर सिक्युरिटीपलीकडे फक्त प्रवासी. आंतरराष्ट्रीय टर्मिनलचा चेक-इनचा हॉल मात्र सगळ्यांना खुला आहे, तिथे सिक्युरिटीच्या अलीकडे खायची सोयही आहे. तरीही आमच्याकडची ताटातूट जेवणावरून होते, आणि कारण व्हीलचेअर.

ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर सांगितलेली असते. काउंटरवर बोर्डिंग पास हातात पडतो न पडतो तोच माणूस खुर्ची घेऊन हजर होतो. त्याला पुढचे प्रवासी असतात, तो थांबत नाही. "पाच मिनिटं, जरा जेवून घेतो" म्हटलंत तर तो दुसऱ्याला घेऊन जातो आणि मग परत कधी येईल ते देव जाणे. बघता बघता बाबा वळणावरून दिसेनासे होतात आणि पोळीभाजीचा डबा आपल्याच हातात राहतो. म्हणून व्हीलचेअर असेल तर क्रम बदलायचा: आधी बसून खायचं, औषधं घ्यायची, बाथरूमला जाऊन यायचं, आणि मग काउंटरकडे वळायचं. बॅगा बाजूला घेऊन खावं लागलं तरी चालेल.

डबा आत नेता येतो. पोळीभाजी, ठेपले, इडली, घन पदार्थ कुणी अडवत नाही. ओली चटणी, दही, आमटी १०० मिलीच्या वर असेल तर जाते. शेंगदाण्याचं बटरसुद्धा इथे द्रवात धरतात, तेव्हा पातळ चटणीचं काय होणार ते ओळखा.

डॉ_दुपारची_झोप

मृदुलाताई, दोन गोष्टी वैद्यकीय.

सासूबाई: त्या कुठे विमानात बसत नाहीयेत, त्यांना नेहमीच्या वेळी जेवू द्या. सगळ्यांबरोबरच जेवायचा आग्रह नको. गोळी किंवा इन्शुलिन आधी आणि जेवण ट्रॅफिकमध्ये अडकलेलं, हा प्रकार घातक आहे. एक डबा आणि साखरेचं काहीतरी गाडीत पुढच्या सीटवर, डिकीत नव्हे.

लेक: विमानात केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो, साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा असतो. दाब कमी झाला की आतड्यातला वायू फुगतो, पाव ते एक तृतीयांशाने. म्हणून निघताना छोले, राजमा, उसळ, सोड्याची पेयं नकोत. तुमच्या यजमानांचा वरणभात या बाबतीत भावाच्या बुफेला भारी आहे. शिवाय रात्रीच्या विमानात उड्डाणानंतर तास-दीड तासात जेवण येतंच. शाकाहारी हवं असेल तर निदान २४ तास आधी एअरलाइनला कळवून ठेवा. आयत्या वेळी "व्हेज?" म्हणून विचारल्यावर मिळेलच असं नाही.

मृदुला_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: आजींना आणि लेकीला निघतानाच थोडा वरणभात, खालापूरला फक्त चहा (नाना, रागावू नका), रात्री पार्ल्यात साध्याशा उडप्याकडे सगळे मिळून, गाडी समोर लावून. पेढ्यांचं आत्याला आत्ताच सांगितलं. ती म्हणाली, "मग मी नारळ देते." आता यावर काय बोलू?

रॅम्पवरचा_राजा

नारळ नको! अख्खा नारळ हातातल्या बॅगेत चालत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात शबरीमलाच्या भाविकांना इरुमुडीतला (पूजेच्या गाठोड्यातला) नारळ केबिनमध्ये न्यायची खास सूट दिली होती, तीही २० जानेवारी २०२५ पर्यंतच. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर चेक-इनच्या बॅगेतसुद्धा नाहीत. त्यात तेल भरपूर, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालात मोडतं. गोडा मसाला घरीच कुटून द्या.

पिंपळे_गुरव

धागा वर आलाच आहे तर विचारतो. पुण्याहून दिल्लीला जायचंय, देशांतर्गत, मित्र सोडायला येणार. लोहगावला एकत्र बसायला काही आहे का?

रॅम्पवरचा_राजा

आहे. टर्मिनलसमोरचा एरोमॉल, २०२२ मध्ये सुरू झालेला. बहुमजली पार्किंग आणि खायची दुकानं एकाच ठिकाणी, तिकीट लागत नाही, आणि तिथून पुलावरून टर्मिनलकडे जाता येतं. टी-टूला जे जमत नाही ते पुण्यात जमतं, गाडी लावा, जेवा, बॅग ओढत चालत जा.

फक्त घड्याळ बघत बसा. देशांतर्गतला बॅगेचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं आणि बोर्डिंगचं गेट २५ मिनिटं आधी. जुलै २०२४ पासून नवं टर्मिनल सुरू आहे, तुमचं विमान कुठून सुटतं ते तिकिटावर बघून घ्या. तेल सुटलेलं लोणचं असेल तर ते चेक-इनच्या बॅगेत, हातातल्यात नको.

पिंपळे_गुरव

लोणचं नाही, बाकरवडी आहे.

रॅम्पवरचा_राजा

बाकरवडी हातातल्या बॅगेत चालते. एक पाकीट वर ठेवा, आत गेल्यावर तीनशेचं सँडविच वाचेल.